वासू मास्तरांच्या दाढेचं सुतक

वासू मास्तरांची उजवीकडची दाढ भाद्रपदाच्या आरंभी बेळगावात वारली, आणि तेव्हापासून ती कुंभारवाड्याच्या गावकीत जिवंतपणी कधी नव्हती इतकी लुडबूड करू लागली.

वारली म्हणजे रीतसर वारली. कॅम्पातल्या दातांच्या डॉक्टरांनी आठ दिवस मास्तरांना खुर्चीत आडवं केलं, पायानं चालवायच्या यंत्रानं दाढ पोखरली, आणि शेवटी सुईच्या टोकावर दोऱ्याएवढं काहीतरी काढून दाखवलं. "ही नस," डॉक्टर म्हणाले. सारा पावसाळा ज्या दुखण्यानं मास्तरांना उताणं झोपू दिलं नाही, ते दुखणं म्हणजे एवढंसं सूत होतं, हे बघून मास्तरांना जरा अपमानच वाटला. मग डॉक्टरांनी त्या पोकळीत कुठल्याशा परदेशी झाडाचा चीक भरला. झाडाचा चीक म्हटल्यावर मास्तरांना घरच्यासारखं वाटलं.

"दाढ आता मेली," डॉक्टर म्हणाले. "दुखणार नाही. पण तुम्ही जंगलातले, तुम्हाला सांगायला नको. मेलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं आणि एक दिवस चिरतं. मी ती घासून बारीक करून ठेवली आहे. महिन्याभरात येऊन हिच्यावर सोन्याची टोपी बसवून घ्या. तोवर उजवीकडून कणसुद्धा चावायचा नाही."

मास्तरांची रजा त्या दिवशी संपत होती आणि सोनं खिशात नव्हतं. ते आगगाडीनं लोंढ्याला आणि तिथून बैलगाडीनं घरी आले. सबंध वाटेत ते जिभेचं टोक दाढेवर ठेवून बसले होते. दुखणं गेलं होतं खरं, पण चार महिन्यांची सोबत अशी एकाएकी तुटली की माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होतंच. धुकं रस्त्यावर उतरलं होतं, बैल आपल्याच तंद्रीत चालत होते, कुठंतरी धनेश पक्षी पंखांचा घोर आवाज करत निघून गेला, आणि मास्तरांना वाटलं, आपण कुणालातरी बेळगावात ठेवून आलो.

आता तुम्ही म्हणाल, एका दाढेसाठी माणूस एवढा आटापिटा कशाला करील? गावचा न्हावी चिमट्यानं ओढून फुकट काढून देत होता. पण ही दाढ साधी नव्हती. नव्याच्या पुनवेला, म्हणजे आश्विनात नवं भात घरात येतं त्या दिवशी, देवीच्या पुढ्यात नव्या भाताचा पहिला दाणा गावकरानं, म्हणजे गावच्या मानकऱ्यानं, दाढेखाली फोडायचा, ही कुंभारवाड्याची रीत. दाढ उजवीच पाहिजे. दाणा कट्टकन फुटला पाहिजे, आणि तो आवाज देवळाच्या पायरीपर्यंत ऐकू गेला पाहिजे. मग सगळ्यांनी नवं खायचं. तोवर कुणाच्या घरी नव्या तांदळाची पेज चुलीवर चढत नाही. हा गावकरीचा मान मास्तरांच्या थोरल्या पातीचा, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेचा. मास्तरांच्या आज्ज्यानं सत्तराव्या वर्षी फोडलेल्या दाण्याच्या आवाजानं म्हणे पलीकडच्या वाडीतल्या म्हशींनी माना वळवल्या होत्या. थोरल्या पातीकडून दाणा फुटला नाही, तर मान धाकट्या पातीकडं जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. मास्तरांना उजवीकडं वर तीन दाढा होत्या. खाली ही एकच.

धाकट्या पातीत होता धाकलू. मास्तरांचा चुलतभाऊ, वयानं दहा वर्षांनी लहान, आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात. तो अख्खी सुपारी दाढेखाली फोडायचा, तीही मास्तरांच्या समोर उभा राहून.

मास्तरांनी आल्या दिवशीच वरच्या कचेरीकडं अर्ज लिहिला. मास्तर रागावले किंवा कागद हातात आला की पुस्तकातलं बोलत. अर्ज असा होता: 'आमची उजवी दाढ मृत झाली असून, तिच्या पुढील व्यवस्थेसाठी बेळगावी जाणे आहे. तरी चार दिवसांची रजा मिळावी.' अर्ज टपालात पडला, आणि मास्तर पोरांना पाढे म्हणायला लावून खिडकीतून बाहेर बघत बसले. शेतात भात पोटरीला आलं होतं. त्यावरून वारा सावकाश जायचा, आणि मास्तरांची जीभ तितकीच सावकाश दाढेवरून फिरायची. पोरं बारा साते चौऱ्याऐंशीवर तीनदा येऊन गेली तरी मास्तरांना पत्ता नसायचा.

शेजारच्या यमुनाक्का पहिल्या दिवशी मध घेऊन आल्या, दुसऱ्या दिवशी राळ, आणि तिसऱ्या दिवशी फणसाचा चीक. "डागदरानं झाडाचा चीकच भरलाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मंग आपलं झाड काय वंगाळ हाय? वरनं ह्यो लावा. आन आंबट खाऊ नगा. मेल्या दाताला आंबट चालत न्हाई."

"का चालत नाही?"

"त्ये मला काय ठावं. चालत न्हाई."

मास्तरांनी आमसुलाचं सार सोडलं. कडक वस्तू डॉक्टरांनी आधीच सोडवली होती.

खरा घोटाळा केला धाकलूनं. एका सोमवारी देवळापुढं पाचदहा माणसं बसली असताना त्यानं सुपारी फोडली, अर्धी म्हाताऱ्या गुणा अज्जाला दिली, आणि साळसूदपणे विचारलं, "अज्जा, घरात कुणी मेलं तर देवाच्या पुढ्यात जायला चालतंय काय?"

गुणा अज्जा गावातला सगळ्यात जुना माणूस. देवीची सगळी रीतभात त्याच्याकडं. तो म्हणाला, "अकरा दीस न्हाई चालत. सुतक असतंय."

"मंग ज्याच्या तोंडातच कुणी मेलंय, त्यानं?"

सगळे मास्तरांकडं बघायला लागले. मास्तर तेव्हा चिंचेवरच्या खारीकडं बघत होते. त्यांना प्रश्न दुसऱ्यांदा सांगावा लागला. मग ते ताठ झाले. "भाद्रपद शुद्ध तृतीयेस मृत्यू झाला. अकरा दिवस केव्हाच उलटले. सुतक फिटलं आहे."

गुणा अज्जानं डोळे मिटले. "मास्तर, सुतक मढं उचलल्यावर फिटतंय. तुमचं मढं अजून घरातच हाय."

मास्तरांनी केसांचा दाखला दिला, नखांचा दिला. केस मेलेलेच असतात, त्यांचं सुतक कुणी धरतं का? "केस वाढत्यात, अण्णा," धाकलू म्हणाला. "तुमची दाढ वाढती काय?" मास्तर घरी आले आणि ओसरीवर पाण्याचा तांब्या हातात घेऊन न पिताच बसून राहिले. बायकोनं, म्हणजे केशरनं, दोनदा हाक मारली.

"मान जाईल बघ, केशर," ते म्हणाले. "बापानं सांभाळला, आज्ज्यानं सांभाळला. माझ्या हातून जाईल. तोही एका दाढेपायी."

केशरनं तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पाणी जरा कोमट करून आणलं.

शेवटी देवीला कौल लावायचं ठरलं. म्हणजे देवीच्या पाषाणावर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुणा अज्जानं पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "आई, वासू मास्तराच्या दाढंला सुतक हाय का न्हाई, त्ये सांग."

देवी काही सांगेना. हवेत इतका ओलावा होता की पाकळ्या पाषाणाला जळवांसारख्या धरून बसल्या. सकाळची दुपार झाली. सगळा गाव देवळात मांडी घालून दोन पाकळ्यांकडं बघत होता. उदबत्तीचा धूर वर जाऊन तुळईखाली घुटमळत होता, बाहेर पाण्याचा ओहोळ वाहत होता, आणि हळूहळू कुणालाच आठवेना की आपण इथं कशाला आलोय. यमुनाक्का खांबाला टेकून झोपल्या. धाकलू सुपारी चघळायची विसरला. मास्तरांना तर वाटायला लागलं की आपण लहान आहोत, बापाच्या मांडीवर बसलोय, आणि बाप आता दाणा फोडणार आहे.

तेवढ्यात दोन्ही पाकळ्यांच्या मधली, जिच्याकडं कुणी बघतच नव्हतं अशी तिसरी चुकार पाकळी सुटली. ती ना उजवीकडं पडली, ना डावीकडं. वाऱ्याच्या झुळकेनं तरंगत ती मागं आली आणि केशर नैवेद्याचं पितळी ताट घेऊन बसली होती, त्या ताटात पडली.

असा कौल गुणा अज्जाच्या उभ्या जन्मात लागला नव्हता. पण म्हातारा डगमगला नाही. "ताट पिवळं," तो म्हणाला. "देवी पिवळं मागती. सोन्याला सुतक न्हाई, ठाऊक हाय न्हवं? दाढ सोन्यानं मढवा. वर सोनं, आत मढं, विटाळ बाहीर यायचा न्हाई."

डॉक्टर आणि देवी, दोघांनी एकच औषध सांगितलं. मास्तरांना भरून आलं. धाकलूनं उरलेली सुपारी थुंकून टाकली.

सोनं कुठलं आणायचं, हा विचार मास्तर करत होते तोवर केशरनं आपल्या पुतळ्यांच्या माळेतली एक पुतळी दातानं दोरा तोडून काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. आईनं दिलेली माळ होती ती. मास्तर नको नको म्हणाले.

"घ्या म्हनते न्हवं," केशर म्हणाली. "पर येक सांगून ठेवते. पुतळी माझी. तुमच्या तोंडात गेली म्हनून तुमची न्हाई हुयाची. तवा जपून चावायचं."

त्या दिवसापासून ती रोज सकाळी विचारायची, "माझी दाढ काय म्हनती?" आणि मास्तर जिभेनं चाचपून सांगायचे, "बरी आहे."

रजेचं उत्तर आलं ते असं: 'मयताचे नाव, वय व आपले नाते कळवावे, म्हणजे दुखवट्याची रजा देण्याचा विचार करता येईल.' मास्तर खोटं लिहिणाऱ्यातले नव्हते. त्यांनी कळवलं: 'नाव, दाढ. वय अदमासे अडतीस. नाते, सोबती.' त्यावर आठवड्यानं पत्र आलं की सोबती हे नाते कोष्टकात आढळत नाही, सबब अर्ज निकालात काढला आहे. बेळगाव संपलं. पुनव बारा दिवसांवर आली.

मग उरला सुप्याच्या बाजारातला परशुराम शेट सोनार. मास्तर शनिवारी शाळा सोडून गाडीनं निघाले आणि रविवारी सकाळी त्याच्या दुकानात जाऊन बसले. परशुराम शेटनं नथी घडवल्या होत्या, देवांचे मुखवटे घडवले होते, दाढ कधी घडवली नव्हती. पण तो कुठल्या कामाला नाही म्हणणारा नव्हता. त्यानं मेण कोमट करून मास्तरांच्या तोंडात घातलं. "दाबून धरा. म्या सांगतो तवाच तोंड उघडा." आणि गिऱ्हाईक आलं म्हणून तो पैंजण दाखवायला गेला. मास्तर दात आवळून दारातून काळी नदीकडं बघत राहिले. पाणी इतकं संथ होतं की त्यात उलटं दिसणारं जंगल खऱ्यापेक्षा खरं वाटत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. परशुराम शेट परत आला तेव्हा मेण दगड झालं होतं, आणि मास्तरांचा जबडा उघडायला शेट, पैंजणवाला गिऱ्हाईक आणि कोमट पाण्याचा एक गडवा लागला.

टोपी मात्र नामी झाली. जरा जास्तच नामी. परशुराम शेटच्या हाताला साधं, गुळगुळीत काम जमायचंच नाही. त्यानं दाढेच्या टोपीवर वरच्या बाजूनं आठ पाकळ्यांचं कमळ काढलं होतं.

"अहो, हे दिसणार कुणाला?" मास्तर म्हणाले.

"देवीला दिसंल की," परशुराम शेट म्हणाला, आणि पोकळ दागिन्यात भरतात ती लाख तापवून त्यानं टोपीत भरली आणि टोपी दाढेवर दाबून बसवली. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "झालं. फकस्त गरम काय खाऊ नगा. लाख पातळ हुईल, टोपी सरकंल."

म्हणजे कडक डॉक्टरांनी नेलं, आंबट यमुनाक्कांनी नेलं, आणि गरम सोनारानं. गुणा अज्जानं गार सुद्धा बंद केलं, का ते विचारायचं मास्तरांना बळ उरलं नव्हतं. कोमट पेज तेवढी राहिली. ती ते डावीकडून, डोळे मिटून, बशीत निववून प्यायचे.

आणि कमळाची बातमी फुटल्यावर तर विचारूच नका. दिग्गीहून, अणशीहून बायका बघायला यायला लागल्या. वर्ग चालू असताना दारात उभ्या राहायच्या. "मास्तर, जरा आ करा." ज्या मास्तरांच्या नजरेला गावातला बाप्या नजर देत नव्हता, ते विलायतेच्या बादशहाच्या तसबिरीखाली खुर्चीवर बसून उजेडाकडं तोंड करून आ करायचे. बायका वाकून बघायच्या, आपसात 'पाकळ्या नाजूक हायत' म्हणायच्या, एकदोघींनी तर नमस्कारही केला. सहाव्या दिवशी मास्तरांनी शाळेच्या दारावर पाटी लावली: 'दाढ पाहण्याची वेळ मधल्या सुट्टीत.' केशरनं ती एका पोराकडून वाचून घेतली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

पण आतून मास्तर भ्यालेले होते. बाहेरून कमळ असलं तरी आतलं झाड वाळकंच होतं. डॉक्टरांनी बसवलेली टोपी वेगळी आणि लाखेवर बसलेलं कमळ वेगळं, हे त्यांना कळत होतं. पुनवेच्या आदल्या दिवशी त्यांनी घरातला एक जुना भाताचा दाणा दाढेखाली धरून हळूच दाबून पाहिला. आतून कुठंतरी बारीक, कोरडा आवाज आला. दाणा तसाच होता. मास्तरांनी तो थुंकून टाकला आणि मागं वळले, तर केशर दारात उभी.

"चिरली काय?"

"नाही. बहुतेक नाही," मास्तर म्हणाले. "उद्या चिरेल. दाढही जाईल आणि मानही जाईल, आणि तुझी पुतळीही."

केशर सूप उचलून भात पाखडायला बसली.

पुनवेच्या सकाळी गाव देवळात जमला. दारादारांवर नव्या लोंब्यांची तोरणं लागली होती. शेतांवरचं धुकं देवळाच्या पायरीपर्यंत आलं होतं, आणि त्यातून माणसं एकेक करून वर येत होती. मास्तर धुतलेलं धोतर नेसून देवीसमोर उभे राहिले. रीतीप्रमाणं त्यांच्या मागं उजवीकडं घरची बाई, म्हणजे केशर, नव्या भाताचं पितळी ताट घेऊन उभी. गुणा अज्जानं गाऱ्हाणं घातलं. केशरनं ताटातला एक दाणा उचलून मास्तरांच्या तळहातावर ठेवला. मास्तरांनी तो कमळावर ठेवला आणि तोंड मिटलं.

सगळं शांत झालं. यमुनाक्कांनी कडेवरच्या नातवाचं तोंड धरलं.

आणि मास्तरांचा जबडा दाबेना. त्यांना वाटलं, आता दाबावं. मग वाटलं, जरा थांबावं. मग तेही वाटेनासं झालं. त्यांना बाप दिसला, आज्जा दिसला, माना वळवलेल्या म्हशी दिसल्या, आणि धुक्यात उभं असलेलं एक उंच, वाळकं झाड दिसलं. झाडाच्या शेंड्यावर सोन्याचं कमळ होतं, आणि कुणीतरी म्हणत होतं, हलवू नका, हलवू नका. बाहेर धाकलूनं घसा साफ केला. दुसऱ्यांदा केला, आणि एक पाऊल पुढं आला.

कट्ट.

आवाज असा खणखणीत झाला की पायरीवरचं कुत्रं उठून उभं राहिलं. ढोल वाजायला लागले. गुणा अज्जानं मास्तरांच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि म्हातारा चक्क रडला. "तुज्या आज्ज्याचा आवाज," तो म्हणाला. "तोच." धाकलू पुढं आला, वाकून पाया पडला, आणि खरं सांगायचं तर मनापासून पडला. बायकांनी नव्या लोंब्या ओवाळल्या. मास्तर हसत होते. हसता हसता त्यांची जीभ सवयीनं दाढेकडं गेली. टोपी जागच्या जागी होती. दाढ जागच्या जागी होती. आणि कमळाच्या दोन पाकळ्यांच्या खाचेत भाताचा दाणा होता, जसा ठेवला तसा, अख्खा.

मास्तर सावकाश मागं वळले. केशर ताटाकडं बघत उभी होती. तिच्या खालच्या ओठाला भाताचं एक तूस चिकटलं होतं.

दोघं घरी आली. लोक येत होते, जात होते, प्रत्येक घरात नव्या तांदळाचा वास सुटला होता. सगळे पांगल्यावर मास्तर ओसरीवर बसले आणि धोतराच्या गाठीतून तो दाणा काढून त्यांनी जोत्यावर ठेवला. केशर येऊन शेजारी बसली.

"हे काय केलंस तू?" मास्तर म्हणाले. "दाणा गावकरानं फोडायचा. माझ्या दाढेनं."

"तुमची दाढ कंची?" केशर म्हणाली. "पुतळी माझी. म्हंजे दाढ माझी. मंग माझ्या दाढंनं फोडला तर काय बिघडलं?"

"आणि देवीला कळलं तर?"

"देवीला म्हाईत हाय." केशरनं त्यांच्याकडं बघितलं. "पाकळी कुटं पडली व्हती?"

मास्तरांनी समोरच्या धुक्याकडं बघितलं. ते आता शेतांवरून उचललं जात होतं, आणि खाली भात पिवळं धमक दिसायला लागलं होतं.

"तुझ्या ताटात," ते म्हणाले.

केशरनं जोत्यावरचा दाणा उचलला, पदराला पुसला, आपल्या उजव्या दाढेखाली धरला आणि कट्टकन फोडला. तूस फुंकून टाकलं. "ह्यो आता तुमचाबी झाला," ती म्हणाली, आणि तांदळाचा अर्धा तुकडा तिनं त्यांच्या तळहातावर ठेवला. मास्तरांनी तो तोंडात टाकला आणि सवयीनं डावीकडून चावला.